पोतदार म्हणजे नक्की कोण? मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींकडचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात मी २२ वर्षं फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात इतकी वर्षं गेली, त्यामुळे कुठलंही हस्ताक्षर आपल्याला लागतं असं मला वाटायचं. जानेवारीत वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, जुन्या ट्रंकेत तळाला लाल फडक्यात बांधलेले ११ कागद सापडले. ते घेऊन बसले आणि पहिल्या ओळीतलं एक अक्षरसुद्धा सुटेना. सगळं मोडी. एका कागदाच्या तळाशी नुसतं एक गोल वर्तुळ काढलेलं, आत काही नाही. मी त्याला शाईचा डाग समजले होते. त्या वर्तुळाबद्दल पुढं सांगते.

हे कागद ज्यांच्याकडून वाचून घेतले त्यांच्या कामाबद्दल लिहायचं आहे. आपल्या भागात घरोघरी अशा ट्रंका आहेत, आणि आडनावाचं मूळ शोधायचं म्हटलं की माणूस आधी भलत्याच ठिकाणी पैसे घालतो. आम्हीही घातले.

माझं माहेरचं आडनाव पोतदार. गेल्या वर्षी आप्पांना ७५ पूर्ण झाली, तेव्हा भावाने आणि मी मिळून इंटरनेटवरच्या एका ‘आडनावाचा इतिहास’ सांगणाऱ्या सेवेकडे २,४९९ रुपये भरले. त्यांनी आडनाव, जिल्हा आणि ई-मेल एवढंच विचारलं. गाव विचारलं नाही, कुलदैवत विचारलं नाही, कागद असतील तर दाखवा असंही म्हटलं नाही. चार दिवसांत रंगीत प्रमाणपत्र हजर. संस्कृतात ‘पोत’ म्हणजे जहाज, म्हणून पोतदार हे आरमारी घराणं, असं त्यात लिहिलेलं. वर सोनेरी ढाल, ढालीवर गलबत, दोन्ही अंगांना सिंह. आम्ही हौसेनं फ्रेम करून सोप्यात लावलं. आप्पा येईल त्याला दाखवायचे.

आमचं गाव मुरगूडजवळ, वेदगंगेच्या काठावर. समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. संस्कृतात पोत म्हणजे जहाज हे खरं आहे, पण शेवटचा ‘दार’ फारसी आहे. हवालदार, इनामदार, जमीनदार, फौजदार यांतला तो दार, म्हणजे धरणारा, बाळगणारा. अर्धा शब्द बघून अर्थ लावला आणि उरलेला अर्धा सोडून दिला. आमच्या धंद्यात चिठ्ठीवरचं अर्धं नाव वाचून गोळी दिली तर माणूस दगावतो. इथं कुणी दगावलं नाही, पण म्हाताऱ्या माणसाला खोटं काहीतरी खरं म्हणून आम्ही हातात दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

गुरुजींचा पत्ता दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं दिला. त्यांचं घर पापाच्या तिकटीपासून आत, एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जमिनीच्या जुन्या नोंदी सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर घरीच मोडी वाचून देतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. ज्यांना मोडी वाचक हवा आहे त्यांनी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करावी. कोल्हापूर संस्थानचं जुनं दप्तर तिथं आहे, आणि पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्गही घेतं, त्यामुळे वाचणारी माणसं त्यांना माहीत असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांकडे गर्दी वाढली आहे, तेव्हा वेळ हाताशी ठेवून जा.

पहिल्या दिवशी त्यांनी पैसे घेतलेच नाहीत. फडकं सोडलं, कागद एकेक करून खिडकीपाशी उजेडात धरले आणि दोन ढीग केले. सात कागद एका बाजूला. “ही सावकाराची येणी-देणी आणि शेतसाऱ्याच्या पावत्या हायत. तुमच्या आडनावाशी ह्यांचा संबंध न्हाई. वाचायला सांगितलंत तर वाचीन, पण तुमचं पैसं कशाला घालवू?” राहिले चार. दर एका बंदाला १५० रुपये, पाठपोट लिहिलेला असेल तर २५०. बंद म्हणजे त्यांच्या भाषेत कागदाचा एक ताव. तीन पाठपोट आणि एक एकपाठी, असे माझे एकूण ९०० रुपये झाले. मोबाइलवरचे फोटो ते घेत नाहीत. मूळ कागद किंवा चांगली झेरॉक्स न्यावी लागते, कारण शाई कुठं संपली आणि बोरू पुन्हा कुठं बुडवला हे फोटोत कळत नाही म्हणाले.

त्यांनी मला मोडीची तोंडओळख करून दिली ती मला फार आवडली. आधी कागदावर डावीकडून उजवीकडे सलग रेघ ओढायची आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची. हात शक्यतो उचलायचा नाही, म्हणून अक्षराला अक्षर गुंतलेलं. ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, शब्द कुठं तुटतो तेही दाखवलेलं नाही. त्यामुळे अक्षर ओळखता आलं तरी शब्द लागेलच असं नाही. त्या काळात कोण कुणाला काय लिहीत होतं हे माहीत असावं लागतं. हे मला लगेच पटलं. औषधाच्या चिठ्ठीवर ‘मेट’ एवढंच दिसलं तर पुढं काय असणार हे रुग्णाचा आजार माहीत असल्याशिवाय मी ठरवत नाही.

आता मुख्य कागद. वर तारीख अशी: ‘इसन्ने अशरीन मयातैन व अलफ’. मला तर तो मंत्रच वाटला. हा सुहूर सन, जुन्या कागदांतली कालगणना. आकडे अरबी शब्दांत: इसन्ने दोन, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे १२२२. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणायचे. त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतची तारीख असेल तर ६००. आमचा कागद झाला १८२१-२२ चा. दोनशे वर्षं. आप्पांना फोन करून सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज नव्हता.

कागद अर्जाचा आहे. गावचं पोतदारीचं काम करणारा माणूस वारला. मुलगा लहान. वारलेल्या माणसाच्या बायकोनं विनंती केली आहे की पोर मोठं होईपर्यंत गुमास्ता ठेवून काम चालवते, वतन आमच्याकडेच असावं. खळ्यावर मिळणारं भात आणि दसऱ्याचा मानाचा विडा पूर्वीसारखा चालावा, असंही त्यात आहे. आणि तळाशी ते वर्तुळ. गुरुजींनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे काय असंल सांगा?” ती बांगडी होती. ज्याला लिहिता येत नव्हतं तो निशाणी काढायचा. पाटील-कुणबी नांगर काढत, बाया बांगडी. २०० वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या एका विधवेनं आपल्या पोरासाठी कागदावर बांगडी उमटवली, आणि मी तिला डाग समजून पुसायला निघाले होते.

त्याच कागदात ‘कोम’ असा शब्द आहे. कधीतरी कुणाकडून तेवढा भाग वाचून घेऊन आमच्या चुलत्यांनी त्याचा अर्थ जात असा केला होता आणि त्यावरून घरात एकदा मोठा वादही झाला होता. गुरुजी म्हणाले, जुन्या कागदात बाईच्या नावापुढं कोम आलं की ‘अमक्याची बायको’ असं वाचायचं. पुरुषाच्या नावात ‘बिन’ असतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. आणि या सगळ्या कागदात आडनाव म्हणून पोतदार हा शब्द कुठंच नाही. नाव, बिन, बापाचं नाव, पुढं ‘पोतदार मौजे’ आणि गावाचं नाव. तो त्या माणसाचा हुद्दा आहे.

मग पोतदार म्हणजे कोण, ते त्यांनी तासभर बसवून समजावलं. फारसीत फोता म्हणजे सारावसुलीची रोकड, खजिना. ती सांभाळणारा फोतादार. मराठीत फ चा प झाला आणि पोतदार झाला. पोतनीस त्याच घरातला, तो हिशेब लिहायचा. नीस म्हणजे नवीस, लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस. पण गावच्या पोतदाराचं काम खजिना राखण्यापेक्षा नाणं पारखण्याचं होतं. त्या काळात टांकसाळी अनेक होत्या, प्रत्येकीच्या रुपयाचं वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा, शिवाय कडा कातरलेली, झिजलेली, खोटी नाणी. कुळानं सारा भरायला नाणी आणली की पोतदार ती बघायचा, वाजवायचा, लागलंच तर कसोटीवर घासायचा आणि कुठल्या रुपयाला किती बट्टा ते सांगायचा. बट्टा म्हणजे नाणं कमी किमतीला धरताना केलेली काट. नावाला बट्टा लागतो तो हाच. हिणकस हा शब्दही इथलाच, हीन कसाचा. मी रोज बोलते ते शब्द आमच्या आडनावाच्या धंद्यातले निघाले आणि मला ४८ व्या वर्षी ते कळलं.

१८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या मुलखात एकसारखा रुपया आणला. संस्थानांत जुनी नाणी पुढंही काही काळ फिरली, पण हळूहळू पारखायला काही उरलं नाही. काम गेलं, हक्क काही काळ राहिला, शेवटी नुसतं नाव राहिलं. ते नाव आडनाव म्हणून पक्कं झालं शाळेच्या दाखल्यात. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. त्यानंतर काही वर्षांनी माझे आजोबा गावच्या शाळेत गेले, मास्तरांनी आडनाव विचारलं आणि लिहिलं पोतदार. आजोबांच्या चुलत्याची शाखा निपाणीला गेली होती. ते लोक आज मुरगूडकर लावतात. भाऊबंद असून आडनावं वेगळी कशी, हे कोडं आम्हाला लहानपणापासून होतं. गुरुजींनी दोन वाक्यांत सोडवलं: गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कुणी हाक मारत नाही, ‘कर’ चिकटतं ते गाव सोडलेल्याला. आणि आमचं गाव इतकं बारकं की निपाणीत ते कुणाला माहीत असणार? म्हणून जवळच्या बाजारपेठेचं नाव लागलं.

आप्पांनी फोनवरून एक प्रश्न पाठवला होता. इतिहासकार महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार आपल्यातले का? गुरुजी म्हणाले, “ताई, गावोगाव पोतदार होते. सोनारांत होते, ब्राह्मणांत होते, लिंगायतांत होते. काम एक म्हणून नाव एक. त्यावरनं रक्त एक म्हणता येत न्हाई.” आडनाव जुळलं की नातं जुळलं असं आपण किती सहज धरतो!

ज्यासाठी मी या माणसाला मानते ते आता सांगते. अर्जातल्या त्या बाईच्या नावातली पहिली दोन अक्षरं कसरीनं खाल्ली आहेत. फक्त ‘बाई’ राहिलं आहे. मी म्हटलं, राधाबाई बसेल का, आमच्या घराण्यात राधा नाव पिढ्यान् पिढ्या आहे. त्यांनी भिंग लावून पुन्हा बघितलं. म्हणाले, “बसतंय. गंगा बी बसतंय, साळू बी बसतंय. जागा दोन अक्षरांची हाय एवढंच मी सांगीन. हितं कागद गप हाय, मी बी गप.” आणि त्यांनी वहीत लिहिलं: ‘(कसर, २ अक्षरे) बाई’. मी आणखी थोडा आग्रह केला असता तर दुसऱ्या कुणी माझ्या समाधानासाठी राधाबाई लिहून दिलं असतं आणि आमच्या पुढच्या पिढ्यांनी ते खरं मानलं असतं. त्यांच्या लिप्यंतराला तीन रकाने असतात. पहिल्यात ओळीला ओळ, जसं आहे तसं देवनागरीत, दुसऱ्यात आजच्या मराठीत अर्थ, तिसऱ्यात शंका. आमच्या चार बंदांत १७ शंका आहेत. तो तिसरा रकाना बघितला की मला पहिल्या दोन रकान्यांवर विश्वास बसतो. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा, अंदाजानं गोळी द्यायची नाही, हे मी दुकानातल्या नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवते.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. तीन आठवड्यांत देतो म्हणाले आणि सात आठवडे लागले. मध्ये फोन उचलत नाहीत. एकदा वेळ ठरवून, अर्धी रजा टाकून गेले तर वाड्याला कुलूप. गावाकडं गेले होते आणि कळवलं नव्हतं. लिप्यंतर हातानं लिहिलेलं मिळतं, टाइप आपण करून घ्यायचं. ज्यांना कचेरीत दाखल करण्यासाठी प्रमाणित प्रत हवी आहे त्यांनी हे आधी विचारून घ्यावं; घरच्या माहितीसाठी हे काम उत्तम आहे, कचेरीची गरज वेगळी. जिने उंच आणि अंधारे आहेत, म्हाताऱ्यांना घेऊन जाऊ नका. आप्पांना मी म्हणूनच नेलं नाही, आणि त्यांना नेता आलं नाही याची चुटपुट आहे.

या दरम्यान आम्ही हेळव्यालाही बोलावलं. पुण्या-मुंबईच्या लोकांना ही माणसं माहीत नसतील. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि पलीकडे कर्नाटकात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. सुगी झाली की काही वर्षांनी एकदा गावात यायचे, बैलावर बसून, आणि सोप्यात बसून पिढ्या वाचून दाखवायचे. जन्मलेल्या पोरांची नावं चोपडीत चढवायची, बदल्यात धान्य, लुगडं, भांडं. आप्पांना लहानपणी स्वतःचं नाव चोपडीत चढताना बघितलेलं आठवतं. आमच्या घराण्याच्या हेळव्याचा मुलगा आता मोटारसायकलवरून येतो. त्यानं सात पिढ्या म्हणून दाखवल्या, चालीवर, न अडखळता. कुलदैवत पालीचा खंडोबा, म्हणून घराणं मूळचं कराडकडचं, असंही त्यानं सांगितलं. आम्ही धान्य आणि १,१०० रुपये दिले. ऐकताना अंगावर काटा आला, आप्पा तर रडले. तरी दोन गोष्टी लक्षात आल्या. त्या सात पिढ्यांत एकाही बाईचं नाव आलं नाही. आणि गुरुजींना कराडचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कुलदैवत हा धागा आहे, तो धरून शोधा, पण पुरावा म्हणून लिहू नका. म्हणून घरच्या वहीत आम्ही ते तिसऱ्या रकान्यात लिहिलं आहे. चोपडी मात्र ऐकून घ्याच, आणि रेकॉर्ड करून ठेवा. ती वाचणारे कमी होत चालले आहेत.

काय घेऊन जावं, तेही थोडक्यात सांगते. शाळेचा जुना दाखला, सातबारा आणि त्यामागचे फेरफार, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद मिळाली तर ती, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून कुलदैवत, देवक, मूळ गाव विचारून लिहिलेला एक कागद. हे नसेल तर गुरुजींकडं नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका. ते परत पाठवतात, आणि बरोबर करतात. कागदाला सेलोटेप लावू नका. आम्ही एकाला लावली होती, तिच्याखालची ओळ कायमची गेली.

लिप्यंतर हातात आल्यावर मी एका रविवारी आप्पांना सगळं वाचून दाखवलं. आरमार नाही, महाराजांचे खजिनदारही नाही, जे आमच्या घरात नेहमी सांगितलं जायचं. एका बारक्या गावात नाणी पारखणारा माणूस. ते दोन दिवस फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला की त्यांनी स्वतः स्टूल घेऊन ती गलबताची फ्रेम उतरवली आणि त्या जागी बांगडीच्या निशाणीच्या कागदाची झेरॉक्स लावून द्या म्हणून भावाच्या मागं लागलेत.

पोतदार हे आडनाव माझ्या नावापुढं २४ वर्षं होतं, लग्नात गेलं. त्या बाईच्या नावापुढं तर ते कधीच नव्हतं, पण तिनं अर्ज केला नसता तर वतन दुसरीकडं गेलं असतं आणि मास्तरांनी आजोबांना विचारलं तेव्हा त्यांनी दुसरंच काही सांगितलं असतं. असं मला वाटतं. गुरुजी हे शंकेच्या रकान्यात टाकतील.

सेवेला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या बंद कुलपाचा कापला. अशा अर्जाची नोंद किंवा उत्तराची नक्कल संस्थानच्या दप्तरात असू शकते, असं गुरुजींनी सुचवलं आहे. त्या सालचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बघण्यासाठी मी पुराभिलेखागारात अर्ज दिला आहे. आप्पा रोज सकाळी दुकान उघडायच्या वेळेला फोन करतात. “बाईचं नाव लागलं का गं?”